बोरीची राख आणि पृथ्वीचे वय

जुन्नर तालुक्याचा इतिहास लिहिणारा माणूस बहुधा नाणेघाटापासून सुरुवात करतो. तेथे सातवाहनांच्या राणी नागनिकेचा शिलालेख आहे, यज्ञात दान दिलेल्या गायींचे, घोड्यांचे आणि नाण्यांचे हजारांच्या घरातले आकडे ब्राह्मी अंकांत कोरलेले आहेत. मग लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा येथील बौद्ध लेणी येतात. मग जुन्नरला पहिली राजधानी करणारा मलिक अहमद निजामशहा येतो, हापूसबागेजवळचा सौदागर घुमट येतो, कागजी लोकांचा जुन्नरी कागद येतो आणि शेवटी १६३० साली शिवरायांचा जन्म पाहिलेला शिवनेरी येतो. एवढ्या वैभवाचा वारसा फार थोड्या तालुक्यांना लाभला असेल. आम्हालाही त्याचा अभिमान आहे.

पण हा सारा इतिहास फार तर सव्वादोन हजार वर्षांचा. ज्या कातळात लेणी खोदली, ज्या दगडाने घुमट बांधला, त्या कातळाचे वय काय, हा प्रश्न या इतिहासात कोणी विचारत नाही. दगड म्हणजे जणू कायमचाच असतो! आमच्या मते जुन्नर आणि शेजारचा आंबेगाव या दोन तालुक्यांत काळाची अशी काही पाने उघडी पडली आहेत, की ती वाचायला शिकलेल्या मुलाला पृथ्वीचे आणि विश्वाचे वय कसे ठरले हे आपल्याच गावात समजू शकेल. त्या पानांविषयी या लेखात लिहीत आहोत.

आधी मोजपट्टी ठरवू. एक मीटर म्हणजे एक लाख वर्षे, असे धरू आणि जुन्नरच्या एस.टी. स्टँडवरून भूतकाळाकडे चालू लागू. हिजरी सनाचा आरंभ दीड सेंटिमीटरवर येईल. नागनिकेचा शिलालेख दोन सेंटिमीटरच्या आसपास. ज्या इतिहासावरून आपण भांडतो, मूळचे कोण आणि मागून आलेले कोण याचे हिशेब मांडतो, तो सगळा इतिहास बोटाच्या एका पेरात मावतो. आपल्यासारख्या माणसांचे सर्वांत जुने अवशेष मोरोक्कोत सापडले आहेत, ते तीन मीटरवर. सह्याद्रीचा कातळ सहाशेसाठ मीटरवर. पृथ्वीच्या जन्मापर्यंत जायचे तर नारायणगाव मागे टाकून, मंचर ओलांडून, राजगुरुनगरच्या अलीकडे पोचावे लागेल, कारण पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. आणि विश्वाच्या आरंभासाठी पुणे गाठूनही आणखी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चालावे लागेल. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते.

हे आकडे वर्गात फळ्यावर लिहिले की मुले डोळे मोठे करतात. मग हमखास प्रश्न येतो, "सर, हे मोजलं कुणी?" प्रश्न लाखमोलाचा आहे. दुर्दैवाने त्याचे उत्तर देण्याऐवजी आपण मोठी माणसे भलत्याच वाटेला लागतो.

आकडा जुळणे म्हणजे मोजणे नव्हे

ती वाट अशी. आयर्लंडमधील आर्चबिशप अशर यांनी सतराव्या शतकात बायबलमधील पिढ्यांचा हिशेब जुळवून सृष्टीचा जन्म इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाल्याचे सांगितले. आपल्याकडे कल्पाची कालगणना आहे. एक कल्प ४३२ कोटी वर्षांचा. हा आकडा पृथ्वीच्या वयाच्या जवळ आहे म्हणून, आमच्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होते, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. आमच्या समाजातही अशी मंडळी कमी नाहीत. विज्ञानाने काही शोध लावला की त्याच रात्री तो कुठल्या तरी आयतीत सापडतो. आमचा आक्षेप श्रद्धेला नाही. आक्षेप एवढाच, की आकडा जुळला म्हणजे तो मोजला असे होत नाही. परीक्षेत उत्तर बरोबर आणि रीत कोरी असेल तर आपण किती गुण देतो?

या बाबतीत आपल्याच इल्मी परंपरेतला एक माणूस आठवण्याजोगा आहे. अबू रैहान अल्‌-बिरुनी. जन्म इसवी सन ९७३. गझनीच्या दरबाराशी बांधला गेलेला हा विद्वान हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला, आणि त्याने हिंदुस्थानावर जो ग्रंथ लिहिला त्यात कल्पाची गणना तपशिलाने आणि आदराने नोंदवली. पण त्याच ग्रंथात त्याने दुसरीही एक गोष्ट लिहून ठेवली. जमीन खणली की गोल, गुळगुळीत दगड लागतात. डोंगराजवळ नद्यांचा वेग मोठा, तेथे हे दगड मोठे. डोंगरापासून दूर जावे तसे ते लहान होतात. आणि समुद्राजवळ, जेथे पाणी संथ होते, तेथे नुसती वाळू. त्यावरून त्याने अनुमान काढले, की उत्तरेचे हे मैदान एके काळी समुद्र असावे आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने ते भरत गेले असावे. त्याच काळातल्या इब्न सिनाने आपल्या ‘किताबुश्शिफा’त डोंगर कसे बनतात आणि पाण्याने कसे कोरले जातात याचा विचार केला, आणि त्याला फार दीर्घ काळ लागत असला पाहिजे असे लिहिले.

या दोघांना पृथ्वीचे वय ठाऊक नव्हते. तसा त्यांनी दावाही केला नाही. पण दगड हातात घेऊन, तो येथे कसा आला, हे त्यांनी विचारले. भूशास्त्राची, आमच्या उर्दू पुस्तकांतल्या अर्जियातची, सुरुवात या प्रश्नापासून होते. कुकडी किंवा घोड नदीच्या पात्रात हाच प्रयोग आपले कोणतेही मूल करू शकते. घाटाखाली दगड केवढे आहेत आणि वीस कोस पूर्वेला केवढे, एवढे पाहायचे.

पहिले पान : कातळ

जुन्नरच्या कोणत्याही डोंगराकडे लांबून पाहिले तर त्यावर आडव्या पायऱ्या दिसतात. कडा, मग उतार, पुन्हा कडा. प्रत्येक कडा म्हणजे लाव्ह्याचा एक किंवा अनेक थर. येथे ज्वालामुखीचा शंकूसारखा डोंगर नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा पुराच्या पाण्यासारखा पसरत गेला. असे थरावर थर साचले. सह्याद्रीत त्यांची जाडी दोन किलोमीटरच्याही वर आहे. आज उरलेला या कातळाचा प्रदेश सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. त्याला दख्खनचा ट्रॅप म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने याच भागात हिंडून या आडव्या थरांचे वर्णन केले. नाणेघाटाचे शिलालेखही आधुनिक काळात प्रथम त्याच्याच नजरेस आले.

दोन थरांमध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. विहीर खणणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो. हा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती. लाव्हा थंड झाला, ऊन-पावसाने त्याची वरची साल झिजली, माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा आला. काही पट्ट्यांत त्या काळातल्या राखेबरोबर पडलेले झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण सापडतात. त्यांतील युरेनियम आणि शिसे मोजून गेल्या काही वर्षांत या थरांचे वय ठरवण्यात आले. ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे निघाले. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आतबाहेर आटोपले. याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर प्रचंड अशनी आदळला आणि डायनोसॉर नाहीसे झाले. त्यात या लाव्ह्याचा वाटा किती, याचा वाद चालू आहे.

म्हणजे शिवनेरीचा कातळ फार पुरातन म्हणावा, तर पृथ्वीच्या आयुष्यात तो अगदी अलीकडचा. आपल्या मोजपट्टीवर पंचेचाळीस किलोमीटरच्या वाटेत त्याचे स्थान पाऊण किलोमीटरच्याही आत. त्याच्या खाली काय आहे? भूकंपाच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात खोल छिद्रे पाडली, तेव्हा सुमारे एक किलोमीटर कातळ संपल्यावर ग्रॅनाइट लागला. त्याचे वय सुमारे २७० कोटी वर्षे. सह्याद्रीच्या पोटात त्याच्याहून चाळीस पट वयाचा दगड झोपलेला आहे.

घड्याळ आणि धूळ

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. हे मोजले कसे?

एकोणिसाव्या शतकातले सर्वांत मोठे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी १८६२ साली हिशेब मांडला. पृथ्वी आरंभी तापलेला गोळा होती असे धरले तर आजच्या तापमानाला यायला तिला किती वर्षे लागतील? उत्तर आले दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षे. पुढे त्यांनी ते दोन ते चार कोटींपर्यंत खाली आणले. दगडांचे थर मोजणारे भूशास्त्रज्ञ म्हणत होते, इतका थोडा वेळ पुरणार नाही. पण केल्विनसमोर बोलणार कोण? १८९५ मध्ये त्यांचेच जुने सहायक जॉन पेरी यांनी दाखवून दिले, की गणित चोख आहे, पण गृहीतच कच्चे आहे. पृथ्वीच्या पोटातली उष्णता केवळ घन दगडातून झिरपत नाही, आतला भाग वाहू शकतो. दुसऱ्याच वर्षी बेक्वेरेल यांना किरणोत्साराचा शोध लागला आणि दगडातच दडलेले घड्याळ हाती आले.

हे घड्याळ असे चालते. काही अणू आपोआप दुसऱ्या अणूंत बदलतात आणि तो बदल ठरलेल्या गतीने होतो. पोटॅशियमचा एक प्रकार आहे, त्यातला निम्मा भाग १२५ कोटी वर्षांत बदलतो. बदललेल्यातला काही हिस्सा अरगॉन वायू होतो. लाव्हा वितळलेला असताना हा वायू निसटून जातो. लाव्हा थिजला की नवा तयार होणारा वायू दगडात कोंडला जातो. किती पोटॅशियम उरले, किती अरगॉन साठला, हे मोजले की दगड थिजून किती वर्षे झाली ते कळते. युरेनियमचे शिसे होते, ते दुसरे घड्याळ.

पृथ्वीचे आजचे वय अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली अशनीतील शिसे मोजून ठरवले. ४५५ कोटी वर्षे. त्यांचा निम्मा जन्म मोजण्यात नव्हे, धूळ काढण्यात गेला. प्रयोगशाळेच्या हवेत, भांड्यांत, माणसांच्या केसांत इतके शिसे होते, की अशनीतले शिसे त्यात हरवून जाई. त्यांनी प्रयोगशाळा घासून-पुसून स्वच्छ केली, आणि एवढे शिसे हवेत आले कोठून हे शोधताना पेट्रोलमधील शिशाविरुद्ध त्यांना अनेक वर्षे झगडावे लागले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. पृथ्वीचे वय मोजणाऱ्या माणसाच्या हट्टाचा फायदा आज रस्त्याकडेला खेळणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांना होतो आहे.

दुसरे पान : बोरीची राख

धुळीची ही गोष्ट लक्षात ठेवून आता आपल्या तालुक्यात परत येऊ. कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक गाव आहे. तेथे नदीच्या गाळात पांढुरकी, बोटांवर पिठासारखी लागणारी राख सापडते. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास सुरू केला. राखेच्या सान्निध्यात आदिमानवाने घडवलेली दगडी हत्यारे मिळाली, हातकुऱ्हाडी आणि छिलके. म्हणजे राखेचे वय कळले की हत्यारे घडवणाऱ्या हातांचा काळ कळला!

१९८९ मध्ये पोटॅशियम-अरगॉनच्या घड्याळाने उत्तर दिले, सुमारे १४ लाख वर्षे. पुढे १९९५ मध्ये अधिक नाजूक पद्धतीने आले सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे. त्याच सुमारास दुसऱ्या शास्त्रज्ञांनी राखेतल्या काचेच्या कणांचे रसायन तपासले आणि सांगितले, ही राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची. तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर तोडून ती येथे पडली, आणि तिचे वय केवळ ७५ हजार वर्षे.

चौदा लाख कोठे आणि पाऊण लाख कोठे! आमच्या मोजपट्टीवर चौदा मीटर आणि पाऊण मीटर. असे कसे झाले?

एक कारण असे सांगितले जाते. ही राख पावसाने वाहून नदीत आली आणि वाहताना तिच्यात सह्याद्रीच्या कातळाचे कण मिसळले. कातळ ६ कोटी ६० लाख वर्षांचा. साधा हिशेब करू. ७५ हजार वर्षे वयाच्या राखेचे ९९९ कण घ्या, त्यात कातळाचा एकच कण टाका, आणि प्रत्येक कणात पोटॅशियम सारखेच आहे असे धरा. सरासरी वय येईल १ लाख ४१ हजार. हजारात एक कण, आणि वय जवळजवळ दुप्पट! वर्गातल्या मुलांच्या वयाची सरासरी काढताना दारात उभ्या असलेल्या आजोबांनाही त्यात धरावे, तसा हा प्रकार.

पण दुसरी बाजूही तितकीच तोलामोलाची आहे. बोरीची हत्यारे ज्या घडणीची आहेत ती घडण फार जुनी मानली जाते. तमिळनाडूत अत्तिरमपक्कम येथे अशाच परंपरेच्या हत्यारांचे वय सुमारे १५ लाख वर्षे निघाले, ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. शिवाय टोबा एकदाच फुटला असे नाही. सुमारे ५ लाख आणि सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीही त्याचे मोठे उद्रेक झाले होते. राख कोणत्या उद्रेकाची, आणि ती हत्यारांच्या काळात पडली की नदीने मागाहून आणून ठेवली, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

काही लोकांना यात विज्ञानाची फजिती दिसते. आज एक सांगतात, उद्या दुसरे, असे ते म्हणतात. आम्हाला मात्र यात विज्ञानाची इमानदारी दिसते. चौदा लाख हा आकडा आपल्या तालुक्याला किती शोभला असता! पुण्याजवळ जगातल्या अतिप्राचीन मानवाची वस्ती, असा फलक लागला असता. तरीही तो आकडा तपासला गेला, कारण तो कसा काढला ती रीत मांडलेली होती. रीत मांडली की चूक कोठे असू शकते तेही दुसऱ्याला दिसते. नुसत्या घोषणेचा फेरतपास कसा करणार?

तिसरे पान : खोडदचे कान

नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या मोठ्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. अशा एकूण ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. तबकडीला जड पत्र्याऐवजी तारेची बारीक जाळी लावून त्यांनी खर्च आणि वाऱ्याचा जोर दोन्ही कमी केले.

विश्वाच्या वयाची कथाही बोरीसारखीच आहे. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे एडविन हबल यांनी १९२९ साली दाखवले. त्या गतीवरून उलटा हिशेब केला तर विश्वाचे वय दोनशे कोटी वर्षांच्या आसपास येई. इकडे पृथ्वीवरचे दगड त्याहून जुने निघू लागले. आईपेक्षा लेक मोठी! चूक अंतरे मोजण्यात होती. १९५२ मध्ये वाल्टर बाडे यांनी ती दाखवून दिली आणि विश्वाचे वय एका झटक्यात दुप्पट झाले. आज १३८० कोटींवर बहुतेकांचे एकमत असले तरी विश्वाच्या विस्ताराचा वेग वेगवेगळ्या रीतींनी थोडा वेगळा येतो, आणि ते कोडे अजून सुटायचे आहे.

खोडदच्या दुर्बिणीने यात काय पाहिले? हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या दुर्बिणीने एका दूरच्या दीर्घिकेतली अशी लहर पकडली. वाटेत विश्व पसरत गेल्यामुळे ती ताणली जाऊन सुमारे ४८ सेंटिमीटरची झाली होती. निघाली तेव्हापासून येथे पोचेपर्यंत तिला सुमारे ८८० कोटी वर्षे लागली. ती निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या शेतांमधून उभ्या असलेल्या तारेच्या जाळीवर ती येऊन उतरली.

हे सारे कशासाठी?

पोट भरण्याची भ्रांत असलेल्या माणसाला कोटी वर्षांशी काय करायचे, असे विचारणारेही भेटतात. त्यांना आम्ही आंबेगाव तालुक्यातल्या माळीणकडे बोट दाखवतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा उतार गावावर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे त्याखाली गेली. कातळ लाखो वर्षे झिजतो, त्याचा मुरूम होतो, माती होते, ती उतारावर टेकून राहते, आणि पाण्याने जड झाली की काही क्षणांत खाली येते. दीर्घ काळ म्हणजे केवळ संथ काळ नव्हे. डोंगर कायमचा असतो हा समज किती महाग पडतो ते या तालुक्याने पाहिले आहे. दगडाचे वय आणि त्याची झीज समजणे ही सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांची गरज आहे, तो शिकलेल्यांचा शौक नव्हे.

शिक्षक बंधू-भगिनींना, विशेषतः आमच्या उर्दू शाळांतल्या साथींना, एवढेच सुचवावेसे वाटते. सहल काढताना शिवनेरीबरोबर बोरीचा नदीकाठ आणि खोडदचे विज्ञान प्रदर्शनही यादीत घ्या. राख पाहू द्या, पण उकरू देऊ नका. हत्यारासारखा दगड दिसला तर जागेवरच राहू द्या, कारण जागेवरून हललेला दगड निम्मा मुका होतो. आणि परत आल्यावर मुलांना ४५४ कोटी हा आकडा पाठ करायला लावण्याआधी तो कसा काढला हे त्यांच्या शब्दांत लिहायला सांगा. उर्दूत लिहोत की मराठीत. रीत ज्याला येते त्याच्यावर उद्या कोणीही खोटा आकडा लादू शकणार नाही, मग तो पृथ्वीच्या वयाचा असो की त्याच्या स्वतःच्या इतिहासाचा.